आत्याची दोन दारांची गाडी

आत्या निवृत्त झाली त्या महिन्यात आमच्या घरात मोठ्या गाडीची चर्चा जोरात होती. जुनी व्हॅन भंगारात गेली होती आणि तिच्या जागी सात माणसं बसतील अशी गाडी घ्यायची, हे बाबांनी ठरवून टाकलं होतं. रंग राखाडी, कारण मळ दिसत नाही. मागची सीट उंच, कारण बाबांचे गुडघे. सामानाला जागा ऐसपैस, कारण काकांचं कुटुंब आलं की स्टेशनवरून त्यांच्या बॅगा आणाव्या लागतात. चालवणार आत्या आणि पैसे आत्याच्या निवृत्तीचे. सगळं ठरलं होतं, आत्याला विचारायचं तेवढं राहिलं होतं.

एका दुपारी फाटकाबाहेर हॉर्न वाजला. आम्ही बाहेर येऊन पाहतो तर एक गडद हिरवी, जमिनीला पोट टेकेल इतकी बसकी गाडी उभी. दारं दोन, सीटा दोन. गाडी चांगलीच वयात आलेली होती, पुढच्या दिव्यांच्या काचा पिवळ्या पडल्या होत्या, पण तोरा असा की आमचं फाटक तिला शोभत नव्हतं. आत्या दार उघडून आधी पाय बाहेर काढून, मग कंबर सोडवून, एका हाताने छपराला धरून उठली. तिची उंची बेताची, म्हणून जमलं. बाबांना ते आजही जमत नाही.

"अगं, हिच्यात बसायचं कुणी?" बाबांनी विचारलं.

"मी."

"आणि आम्ही?"

"तुम्ही बघा तुमचं," आत्या म्हणाली आणि चावी पदराला पुसावी तशी रुमालाला पुसून खिशात टाकली.

आई कपाळाला हात लावून आत गेली. बाबा गाडीभोवती दोन फेऱ्या मारून आले. ते विमा कंपनीत नोकरीला होते, त्यामुळे कुठल्याही वस्तूकडे पाहिलं की तिची आज किंमत किती आणि उद्या किती उरेल हेच त्यांना आधी दिसतं. "हिचा घसारा तर केव्हाच होऊन गेलाय," ते म्हणाले, "आता नुसता खर्च उरलाय." हे मात्र त्यांचं खरं होतं. पुढे ते खूपदा खरं ठरलं आणि दर वेळी बाबांनी ते आम्हाला जेवताना सांगितलं.

आता आत्या कोण, हे सांगायला हवं. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. लग्न केलं नाही. काही स्थळं तिने नाकारली, काहींनी तिला, आणि मग विषय निघेनासा झाला. आजोबांनी घर बाबांच्या नावावर केलं, मुलगी काय आज ना उद्या जाईल अशा हिशेबाने. ती गेली नाही. मागच्या अंगाच्या खोलीत राहिली, रोज कामावर जात राहिली, पगारातला मोठा वाटा घरात देत राहिली, आणि एकटी आहे म्हणून सगळ्यांच्या उपयोगी पडत राहिली. "तू मोकळीच आहेस ना," हे आमच्या घरातलं सर्वांत जास्त वापरलेलं वाक्य असेल. तू मोकळीच आहेस ना, मग आजीला डॉक्टरकडे ने. काकांना आण. पोरीला परीक्षेला सोड. रात्रपाळी करून आलेली बाई मोकळी कशी असते, हे कुणी विचारलं नाही. तिची ती व्हॅन म्हणजे घरादाराची फुकटची टॅक्सी होती आणि टॅक्सीवाल्याशी माणसं निदान गोड बोलतात.

ती कामाला होती बाटल्यांच्या कारखान्यात, तपासणीच्या पट्ट्यावर. बाटल्या एकामागून एक उजेडाच्या चौकटीसमोरून सरकत जायच्या. तडा, बुडबुडा, तिरकी मान दिसली की ती उचलून खालच्या पेटीत टाकायची. डोळे दुखायला लागले की जागा बदलायची आणि पट्ट्याच्या दोन बाजूंना समोरासमोर उभं राहून खोकी भरायची. मी शाळेत असताना एकदा तिचा चष्मा द्यायला आत गेले होते. बाटल्या एकमेकींवर आपटत येतात त्याचा आवाज इतका की माझे दात शिवशिवले. तिथे ओरडूनही काही ऐकू जात नव्हतं. म्हणून तिथल्या बायका ओठांनी बोलायच्या. आवाज काढायचाच नाही, शब्द नुसते तोंडाने आखायचे. समोरची वाचते आणि तशीच उत्तर देते. नवी आलेली बाई पहिले दिवस बावचळायची, पुढे तीही बोलायला लागायची. सासूच्या कागाळ्यांपासून मुलांच्या तापापर्यंत सगळं त्या पट्ट्याच्या आरपार जायचं.

मॅनेजरची काचेची खोली वरच्या बाजूला होती. तिथे कुणाची बदली ठरतेय, कुणाचा ओव्हरटाइम कापला जातोय, हे नोटीस लागायच्या आधी खालच्या बायकांना पाठ असायचं. मॅनेजरला शेवटपर्यंत वाटत राहिलं की ऑफिसातलाच कुणीतरी फितूर आहे. त्या संशयापायी त्याने दोन कारकून बदलले, पण काचेला पडदा लावायचं काही त्याला सुचलं नाही.

एवढ्या वर्षांच्या आवाजाने आत्याचे कान गेले. पूर्ण नाही. जाडे, घोगरे आवाज तिला येतात, बारीक आवाज गेले. दाराची बेल, चिमण्या, आईचं पुटपुटणं. घरात सगळ्यांचा समज असा की आत्याशी ओरडून बोललं की भागतं. भागायचंही. "ओरडताना माणूस तोंड चांगलं उघडतो," आत्या मला म्हणाली होती, "वाचायला सोपं जातं." ती ओठ वाचते हे घरात एक मला सोडून कुणाला ठाऊक नव्हतं. तिने लपवलं नव्हतं. इतक्या वर्षांत तुझं काम काय असतं गं, एवढं कुणी विचारलंच नाही. मला ठाऊक, कारण लहानपणापासून ती जेवणाच्या टेबलावरून माझ्याशी तशी बोलायची. बाबा घसाऱ्यावर भाषण देत असले की आत्या समोरून बिनआवाजाची टर उडवायची आणि मला ठसका लागायचा. मला मात्र फक्त तिचेच ओठ वाचता येतात. बाबांच्या मिशीपुढे मी हात टेकते. आत्याला मिशीचं काही वाटत नाही, तिच्या मॅनेजरला याहून मोठी होती.

तर ती गाडी. तिच्यात सुपरचार्जर आहे, म्हणजे इंजिनाच्या डोक्यावर बसवलेला एक जबरदस्त पंखा. इंजिनच त्याला बेल्टने फिरवतं आणि तो उलट इंजिनात हवा कोंबतो. त्यामुळे पाय दाबला की ती गाडी नुसती पुढे जात नाही, पाठीत धपाटा घालून नेते. पंख्याचा एक बारीक सूर असतो, वेगाबरोबर चढत जाणारा. शौकीन माणसं त्या सुरावर जीव टाकतात. विकणाऱ्याने आत्याला चालवून पाहायला दिली तेव्हा कौतुकाने विचारलं होतं, "आवाज कसा वाटला?" आत्याने "झकास" म्हणून ठोकून दिलं. तिला तो ऐकूच आला नव्हता. पण कारखान्यातला पट्टा नीट चाललाय की नाही हे ती कठड्यावर तळहात ठेवून ओळखायची, तशी ही गाडी तिला स्टिअरिंगमधून आणि पाठीतून कळली. "आयुष्यात पहिल्यांदा मला कुणीतरी ढकलत नव्हतं, नेत होतं," ती म्हणाली. आत्या असं बोलत नाही सहसा. बोलली आणि लगेच पेट्रोलचा भाव सांगायला लागली.

पेट्रोलही साधं चालत नाही. चढ्या भावाचं लागतं आणि ते ती मनसोक्त पिते. मागचे टायर पुढच्यांपेक्षा रुंद, त्यामुळे पुढचे मागे करून वर्ष ढकलता येत नाही, झिजले की नवेच. ब्रेकच्या तबकड्या परातीएवढ्या आणि किंमत तशीच. पंख्याने तापवलेली हवा थंड करायला वेगळा पाण्याचा पंप आहे, तो पहिल्याच वर्षी बिघडला. मग दाराच्या काचेची मोटर गेली. मग डिकीत पाणी शिरलं आणि तिथेच असलेली बॅटरी भिजली. आमच्या नातलगांनी पांढरा हत्ती म्हणून गाडीचं बारसं केलं. आत्याने नवे कपडे घेणं सोडलं, सहलीला जाणं सोडलं, चष्म्याची मोडकी काडी दोऱ्याने बांधून वापरली, पण तेल बदलायचा दिवस चुकवला नाही. बाबा म्हणाले, "या पैशात माणूस जग फिरून येतो." आत्या म्हणाली, "पाहुण्यांच्या बॅगा वाहत मी जगभर फिरले असेन तेवढं. आता नुसती फिरते."

गाडी दुरुस्त करणाऱ्याला सगळे बघू म्हणत, कारण कुठल्याही प्रश्नाला त्याचं तेच उत्तर. होईल का? बघू. कधी? बघू. किती? बघू. जाडजूड माणूस, बोटं कायम काळी, आणि कुणी वरच्या आवाजात बोललं की लगेच गांगरून जाणारा. गाड्यांना तो घाबरत नसे, माणसांना घाबरे. त्याचं गॅरेज एका बंद पडलेल्या गोदामात होतं. पुढे गाड्या, मागे एक काचेची केबिन, तिच्यात टेबल, बिलांचा ढीग आणि एक सोडून दिलेली कारची सीट, गिऱ्हाइकांना बसायला.

त्या दिवशी मी आणि आत्या बाहेरगावच्या रस्त्याने परत येत होतो. आधी गोडसर वास आला, मग तापमानाचा काटा चढला, मग बॉनेटच्या फटीतून वाफ. आत्याने गाडी कडेला घेतली आणि लगेच बंद केली. गेले काही दिवस इंजिन चालू ठेवून गाडी उभी असताना तिला हाताला एक थरथर लागत होती, डब्यात खडे हलवल्यासारखी. मलाही खडखड ऐकू येत होती. "पंप गेला पुन्हा," आत्या ठामपणे म्हणाली. तिचं निदान बहुतेक वेळा चुकतं, पण ठामपणा कधी चुकत नाही. टेम्पोवर चढवून गाडी बघूकडे नेली आणि तो म्हणाला, उघडून बघू.

घरी बाबांना हे कळलं तेव्हा ते शांत राहिले. तिथेच मला शंका यायला हवी होती. दोन दिवसांनी म्हणाले, "मी येतो तुझ्याबरोबर गॅरेजला. बायकांना हे लोक काहीही सांगतात." बाबा दुष्ट नाहीत. दुष्ट असते तर बरं झालं असतं, सरळ भांडता आलं असतं. त्यांना मनापासून वाटतं की सगळ्यांचं भलं कशात आहे ते त्यांना कळतं, आणि त्या भल्यात त्यांचे गुडघे नेहमी पहिले येतात.

गॅरेजमध्ये गाडी बॉनेट उघडं टाकून उभी होती. बाबांनी बघूच्या खांद्यावर हात ठेवला आणि "जरा आत बसून बोलू" म्हणत त्याला केबिनमध्ये नेलं. दार ओढून घेतलं. मी आणि आत्या समोरच्या बाकावर बसलो. आमच्यात आणि त्यांच्यात गॅरेजची रुंदी आणि एक काच होती. बाबांची आमच्याकडे पाठही नव्हती. कशाला करतील? बाहेरची एक बहिरी आणि दुसरी पोर.

आत्या काचेकडे बघत होती. थोड्या वेळाने ती माझ्याकडे न वळता, रेडिओवर बाजारभाव सांगावेत तशा सपाट आवाजात बोलायला लागली.

"बघू म्हणतोय, इंजिन शाबूत आहे. पंख्याच्या खालून जाणारा पाण्याचा पाइप फुटलाय. प्लॅस्टिकचा आहे, इतकी वर्षं तापून तापून गेला. पाइप स्वस्त आहे, पण त्याच्यापर्यंत पोचायला पंखा उतरवावा लागतो, मजुरीच जास्त."

"मग पंप?"

"पंप ठीक आहे म्हणतोय," आत्याने तोंड वाकडं केलं. "आणि खडखड आहे ती कपलरची. पंख्याच्या मानेत एक लहानसा जोड असतो, तो झिजलाय. पंखा उतरवलाच आहे तर तोही बदलून घ्या म्हणतोय. त्यानंतर पुष्कळ वर्षं बघायला नको."

"बाबा काय म्हणतायत?"

"दादा म्हणतोय, हे तिला सांगू नका." तिचा आवाज तस्साच सपाट होता. "तिला सांगा इंजिन गेलं. माझ्या ओळखीचा माणूस आहे, सुट्या भागांसाठी गाडी घेतो. आलेल्या पैशात थोडी भर घालून मोठी गाडी येईल. तुमचंही बघतो काहीतरी."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी उठणार तेवढ्यात तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवून मला खाली दाबलं. नजर काचेवरच.

"बघू म्हणतोय, बाईंना मागाहून कळलं तर? रागावून घर सोडून गेल्या तर?"

"आणि बाबा?"

केबिनमध्ये बाबा मान मागे टाकून हसले, काहीतरी लहानसं वाक्य बोलले आणि हात झटकला. आत्या ते वाचत असताना तिच्या चेहऱ्याकडे मी बघत होते. बाटलीत तडा दिसला की ती अशीच क्षणभर थांबत असेल.

"काय म्हणाले?"

"काही नाही. मिशीत गेलं."

मिशीत काही गेलं नव्हतं, हे मला कळलं. पण तिच्याकडून एखादी गोष्ट काढून घेणं म्हणजे तो पंखा हाताने उतरवणं.

दोघं बाहेर आले. बाबांनी चेहरा गंभीर केला होता. बघूनेही तसाच करायचा प्रयत्न केला, पण त्याच्या कपाळावर घाम डवरला होता. तो आत्यासमोर उभा राहून फडक्याने बोटं पुसत राहिला. बोटं आणखी काळी झाली.

"बाई," तो म्हणाला, "इंजिन..."

"शाबूत आहे," आत्या म्हणाली. "पंख्याखालचा पाइप फुटलाय आणि मानेतला कपलर झिजलाय. दोन्ही बदला. पंप माझा चुकला, तो ठीक आहे. पंखा कधी उतरवताय?"

बघूच्या चेहऱ्यावर इतकं समाधान पसरलं की मला हसू आवरेना. खोटं बोलायची पाळी टळली होती. "उद्याच," तो म्हणाला. त्याच्या आयुष्यातलं ते बहुधा पहिलं पक्कं उत्तर असेल.

"तुला कसं कळलं?" बाबांनी ओरडून विचारलं.

"गाडीनं सांगितलं," आत्या म्हणाली.

परत येताना आम्ही तिघं टॅक्सीने आलो. बाबा वाटभर खिडकीबाहेर बघत होते. घरी पोचल्यावर त्यांच्या रागाला तोंड फुटलं. बहिणीच्या काळजीपोटी ते बोलत होते, असं आई नंतर म्हणाली. काळजी मोठ्या आवाजाची होती. हा वेडेपणा आहे, तुझं वय काय, उद्या आजारी पडलीस तर हाताशी काय, घरात कुणाला दवाखान्यात न्यायचं म्हटलं तर त्या खेळण्याचा उपयोग काय. आत्या त्यांच्या तोंडाकडे बघत सगळं ऐकून घेत होती. शेवटी बाबांनी टेबलावर हात आपटला.

"दुरुस्त कर नाहीतर दागिने घाल तिला. पण ती गाडी या आवारात पुन्हा उभी राहणार नाही. घर माझं आहे. रविवारी तो माणूस येणार आहे, त्याला दे आणि मोकळी हो."

"बरं," आत्या म्हणाली.

बाबांना वाटलं, वाद मिटला. आमच्या घरात आत्याच्या "बरं"चा अर्थ कायम होकार असाच घेतला गेला होता. आठवडाभर बाबा खुशीत होते. सात सीटांच्या गाड्यांची चित्रं पुन्हा टेबलावर आली. आत्या रोज सकाळी बाहेर पडायची आणि संध्याकाळी बोटांच्या पेरांना काळं लावून यायची. बघूने तिला पंखा उतरवताना जवळ बसू दिलं होतं. जुना कपलर तिने मला आणून दाखवला. सुपारीएवढा वाटावा असा तो तुकडा, भोकं घासून लांबट झालेली. "एवढ्यासाठी मला भंगारात काढत होते," आत्या म्हणाली. मला नाही, गाडीला, असं मी म्हणणार होते, पण म्हटलं नाही.

रविवारी सकाळी ती गाडी घेऊन आली. फाटकातून आत घातली नाही, बाहेर रस्त्यावर उभी केली, इंजिन चालूच ठेवलं. आत येऊन तिच्या खोलीतून एक पिशवी नेली, मग दुसरी. मग उशी. डिकीत बॅटरीने अर्धी जागा खाल्लेली, त्यामुळे तिसरी बॅग बसेना. ती तिने शेजारच्या सीटवर ठेवून पट्टा लावला. मी मदतीला गेले, आणि सगळं कळत असूनही मला विचारावंसं वाटलं नाही.

बाबा वर्तमानपत्र हातात घेऊन बाहेर आले. "हे काय? त्या माणसाला बॅगांसकट देणार का गाडी?"

"तुझ्या माणसाला फोन कर, येऊ नको म्हणावं," आत्या म्हणाली. "मी बुटकीकडे चाललेय."

बुटकी म्हणजे आत्याची पट्ट्यावरची जोडीदारीण, दारातून वाकून आत येणारी उंच बाई. नवरा गेल्यापासून ती कारखान्यापलीकडच्या वस्तीत एकटी राहायची. नवऱ्याचा ट्रक उभा करायची शेड तिच्याकडे रिकामी होती.

"बुटकीकडे? कशाला?"

"राहायला. तिच्या शेडमध्ये गाडी राहते आणि वर माझी खोली. भाडं घेत नाही म्हणते, रोज एक चक्कर मारून आण म्हणते. दुसरी सीट आहेच."

"किती दिवसांसाठी?"

"बघू," आत्या म्हणाली.

बाबांनी वर्तमानपत्राची गुंडाळी केली, सोडली, पुन्हा केली. आई दारात येऊन उभी राहिली होती आणि पदर तोंडाला लावून रडत होती. "दादाच्या बोलण्याचा एवढा राग धरतात का?" ती म्हणाली. आत्याने तिला जवळ घेतलं, पाठ थोपटली. आईवर तिचा राग नव्हता. आईही जन्मभर मागच्या सीटवरच बसली होती.

"आणि मग गुडघ्यांच्या डॉक्टरांकडे मला कोण नेणार?" बाबांच्या तोंडून निघून गेलं. त्यांचं त्यांनाच ते कसंसं वाटलं असावं, कारण त्यांनी मान फिरवली.

"टॅक्सी चांगली असते, दादा," आत्या शांतपणे म्हणाली. "त्या दिवशी आपण आलो की. नुसतं त्याच्याशी गोड बोलायचं."

तिने माझ्या गालाला हात लावला. बोटांना अजून तेलाचा वास होता. मग ती बाबांच्या नाकावर टिच्चून, पण अगदी सावकाश, तिच्या त्या बसक्या गाडीत शिरली. दार बंद केलं. काच वर होती. चावी लागलेलीच होती, गाडी धपापत होती. आत्याने जाण्याआधी काचेतून सरळ बाबांकडे पाहिलं आणि ओठांनी एक वाक्य आखलं. आवाज काढला नाही. एकेक शब्द सुटा, स्वच्छ, नव्या बाईला शिकवताना करायची तसा.

बाबा गोंधळले. "काय म्हणाली? मोठ्यानं बोल म्हणावं." मग माझ्याकडे वळले. "तुला कळलं?"

मला कळलं होतं. केबिनमध्ये बघूने विचारलेला प्रश्न आठवला, बाबांनी झटकलेला हात आठवला, आणि बाकावर ती जे मला बोलली नव्हती ते आता मला मिळालं. मी ते बाबांना जसंच्या तसं वाचून दाखवलं.

"'ती? जाऊन जाऊन जाणार कुठे!'"

पहिल्यांदा त्यांना समजलं नाही. मग हे शब्द कुणाचे आणि कुठे बोललेले हे त्यांना आठवलं, आणि हातातलं वर्तमानपत्र खाली पडलं. त्यांनी गाडीकडे पाहिलं, काचेकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं. "पण काच होती," ते पुटपुटले. "तिला ऐकू जात नाही..." मी वर्तमानपत्र उचलून त्यांच्या हातात दिलं. आणखी काही सांगावंसं मला वाटलं नाही.

गाडी गल्लीतून हळूच निघाली, खड्डा चुकवून कोपऱ्यापर्यंत गेली. मोठ्या रस्त्याला लागताच आत्याने पाय दाबला. दुरुस्त झालेल्या पंख्याचा बारीक सूर चढत चढत गेला आणि गाडी दिसेनाशी झाली तरी फाटकापाशी ऐकू येत राहिला. आत्याला तो कधीच ऐकू येत नाही. बाबांना आला.